पायाखालचं मीठ

प्रमोदिनीकाकूंना बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. इथे आयर्लंडात, लिमरिकमध्ये, एका भिंतीला चिकटलेली दोन-दोन घरं असतात, तसं त्यांच्या लेकीचं घर आणि माझं. मधली भिंत इतकी पातळ की पलीकडे कोणी जिना चढलं तरी मला कळतं, आणि काकू दिवसभर जिना चढत-उतरत असायच्या. मी वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून मीटिंगमध्ये काहीतरी शहाण्यासारखं बोलत असायचे आणि भिंतीतून धप धप धप. सुरुवातीला वैताग आला. मी तशी चटकन वैतागते. पुढे इतकी सवय झाली की आवाज थांबला तर मीच खिडकीतून डोकावायचे.

काकू अमरावतीच्या. २०२०च्या फेब्रुवारीत लेकीचं घर पाहायला म्हणून आल्या, पापड-कुरड्यांनी भरलेली बॅग घेऊन, महिन्याभरासाठी. त्यांच्या हातच्या कुरड्यांना अमरावतीत मोठी मागणी, उन्हाळाभर त्यांची गच्ची म्हणजे कारखाना. मार्चपर्यंत परत जाऊन गहू भिजत घालायचा बेत होता. मार्चमध्ये सगळं जग बंद झालं. परतीचं विमान रद्द झालं, दुसरं काढलं तेही रद्द झालं. इथल्या सरकारने अडकलेल्या सगळ्यांचीच मुदत वाढवून दिली, त्यामुळे राहण्याची अडचण नव्हती. अडचण एवढीच की काकूंच्या पायाला भिंगरी, आणि फिरायला जागा म्हणजे एक जिना आणि मागचं चटईएवढं अंगण.

मे महिन्यात निहारिकाने, म्हणजे त्यांच्या लेकीने, गोड बातमी दिली. लॉकडाउनमध्ये दुसरं करायचं तरी काय, असं मी कुंपणावरून म्हणाले तेव्हा तिने मला लाटणं दाखवलं. तिचा नवरा ओजस लाजून घरात पळाला. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांची पावलं दुप्पट झाली.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी निहारिकाला दिवस गेले होते आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं होतं. कोणाची चूक नव्हती, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. पण ती बातमी काकूंना फोनवर कळली, गच्चीवर, कुरड्या घालताना, हात चिकाने भरलेले असताना. "मी तिथं नव्हती," एवढंच त्या म्हणायच्या. आपण जवळ असतो तर काय केलं असतं हे त्यांना कधीच सांगता आलं नाही, पण आपण नव्हतो हे त्यांच्या मनातून काही केल्या जात नव्हतं. म्हणून पुढे विमानं सुरू झाली, अमरावतीहून त्यांचे यजमान मुरलीधरकाका व्हिडिओवर रोज डब्यातलं जेवण दाखवून "पाह्य, काय खाऊन राहिलो मी" म्हणायला लागले, तरी काकू हलल्या नाहीत. या खेपेला लेकीला धक्का लागू द्यायचा नाही, नातवंड हातात घेऊनच निघायचं. तारीख जानेवारीची होती.

आता जानेवारी म्हणजे इथे काय, ते सांगते. बर्फ भरभरून पडत नाही, त्यामुळे पुण्याच्या नातेवाइकांना पाठवायला फोटो मिळत नाहीत. इथे पाऊस पडतो, मग आभाळ निवळतं, आणि सकाळी रस्ता काचेसारखा होतो. दिसत काहीच नाही. पाय टाकला की कळतं. आमची गल्ली टेकाडावर, खालच्या मोठ्या रस्त्यापर्यंत सरळ उतार. काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, गाड्या मोठ्या रस्त्यावर मीठ टाकून जातात, गल्लीबोळांत ज्याचं त्याने पाहायचं. त्यासाठी वळणावर एक पिवळा ग्रिट बिन ठेवलेला असतो. झाकण उघडायचं, आतलं फावड्याने काढायचं आणि फुटपाथवर फेकायचं. आत खाणीतलं मीठ असतं, तांबूस, ओलसर. न सांगता पाहिलं तर कोणीही मुरूम म्हणेल.

काकूंना कोणी सांगितलंच नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी ओजसला विचारलं, की ती पिवळी पेटी कशाची. ओजस सॉफ्टवेअरवाला, स्वभावाने गरीब, आणि त्या पेटीचं झाकण त्याने जन्मात उघडलं नव्हतं. "ग्रिट असतं त्यात, आई," तो म्हणाला. "ग्रिट म्हणजे रेती. घसरू नये म्हणून टाकतात."

झालं. काकूंना काम सापडलं. रोज सकाळी अंगात ओजसचं जॅकेट, खाली साडी, पायात लोकरीचे मोजे आणि बूट, हातात बादली. फावडं त्यांना जड वाटे, म्हणून त्या हातानेच टाकायच्या. निहारिकाच्या दारापासून सुरुवात, मग माझं दार, मग उताराचा सगळा फुटपाथ, मग समोरच्या नोरीनचं दार. नोरीन सत्तरीच्या पुढची, एकटी. त्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांनी घरातच राहायचं होतं, त्यामुळे ती खिडकीतून अंगठा दाखवायची आणि काचेमागून ओरडायची, "यू आर अ स्टार, प्रमो." काकूही तिला अंगठा दाखवायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे दोघींचं उत्तम जमलं होतं.

गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकूंचे आभार मानून झाले. कोणीतरी दाराशी केक ठेवून गेलं, त्यात अंडं असणार म्हणून तो मी खाल्ला. एरवी कपाळाला आठी घालून फिरणाऱ्या काकू त्या महिन्यात गुणगुणायला लागल्या होत्या. लेकीच्या पायाखालची वाट आपल्या हाताने रोज बांधायची, याहून जास्त त्यांना काही नकोच होतं.

नवीन वर्ष लागलं आणि थंडीचा कडाका वाढला. एका सकाळी मी कचऱ्याचा डबा बाहेर काढत होते. काकू बादली खाली ठेवून स्वतःच्या बोटांकडे पाहत उभ्या होत्या. थंडीने हाताला भेगा पडल्या होत्या.

"विद्या, ही रेती कुठची वं?" त्यांनी मला विचारलं. "हाताले चरचरून राहिली."

"हातमोजे घाला ना काकू," मी म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांनी एक खडा उचलून जिभेवर ठेवला. मी अडवायच्या आत. पन्नास वर्षं ज्या बाईने पिठात मीठ बरोबर आहे का ते चाखून पाहिलं, ती दुसरं काय करणार.

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "हे तं मीठ आहे."

"मीठच आहे," मी म्हणाले. "मिठानेच बर्फ वितळतो. नुसत्या रेतीने काय होणार?" आणि मी उगाच थोडं विज्ञानही सांगितलं. सकाळी मला कॉफीशिवाय बोलायला लावलं की मी विज्ञान सांगते.

काकूंनी ते ऐकलंच नाही. "म्हणजे मी महिनाभर मीठ सांडून राहिली? लोकायच्या पायाखाली?"

मला हसू आलं, आणि त्यांच्या डोळ्यांकडे पाहून ते जिरलंही. सांडलेलं मीठ मेल्यावर देवाघरी पापण्यांनी वेचावं लागतं, हे माझ्या आजीनेही मला सांगितलं होतं. पण मी ते पोरांनी ताटात सांडलवंड करू नये म्हणून सांगायचं काहीतरी, असं समजून सोडून दिलं होतं. काकूंनी ते सोडलेलं नव्हतं. त्यांच्या घरात मीठ कोणाच्या हातात देत नाहीत, संपलं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. मीठ म्हणजे लक्ष्मी. आणि त्यांनी बादल्याच्या बादल्या फुटपाथवर ओतून वरून लोकांना बूट घालून चालवलं होतं.

त्या दिवशी भिंतीपलीकडे मोठी चर्चासत्रं झाली. मी एकटी राहते, म्हणून नियमाप्रमाणे मला एका घरी जायची मुभा होती, आणि ते घर हेच. मी चहाला गेले तर ओजस कोपऱ्यात शिक्षा झाल्यासारखा उभा.

"आई, दृष्ट काढतेस तेव्हा मीठ टाकतेसच ना तू?" निहारिका सोफ्यावर पाय वर घेऊन वाद घालत होती.

"ते चुलीत टाकतो आपण. पायाखाली नाई."

"इथे सगळेच टाकतात, आई. अख्खा देश टाकतो."

"टाकू दे नं. त्यायले कोणी सांगतलं नसन. मले सांगतलं आहे." मग ओजसकडे वळून, "आणि ज्या देशाचं मीठ खाऊन राहिलो आपण, तेच पायानं तुडवायचं? तुमी तं शिकलेले आहे नं जावईबापू. रेती म्हणे."

"ग्रिटचा अर्थ तोच होतो, आई," ओजस पुटपुटला. मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

काकूंनी काम थांबवलं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण त्या थांबल्या नाहीत, उलट्या दिशेने लागल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मला खर्र खर्र असा आवाज आला. पडदा सारून पाहते तर काकू वाकून फुटपाथ झाडत होत्या. आदल्या दिवशी खालच्या घरातल्या कोणीतरी टाकलेलं मीठ त्या झाडूने गोळा करत होत्या, सुपलीत भरत होत्या आणि पालापाचोळ्यासकट पिवळ्या पेटीत परत नेऊन ठेवत होत्या. जिथलं तिथे. रोज लोकांनी टाकायचं आणि रोज पहाटे काकूंनी उचलायचं.

ग्रुपवर खळबळ उडाली. ग्रिट जातं कुठे? कोणी म्हणालं, चोर आहे, स्वतःच्या अंगणात नेऊन टाकतो. कोणी काउन्सिलला बोल लावला. एकाने कावळ्यांवर संशय घेतला आणि त्यावर दिवसभर चेष्टा चालली. नोरीन सगळं खिडकीतून पाहत होती आणि तिने एक अक्षर लिहिलं नाही. मीही नाही. पण त्यांच्या घरी जाऊन मात्र मी स्पष्ट बोलले.

"काकू, कोणीतरी पडेल. तुमचीच लेक पडेल. मीठ उचलून पुण्य मिळवाल आणि ती पडली म्हणजे?"

"तिले मी बाहेर जाऊच देत नाई," काकू म्हणाल्या.

"आणि ज्या दिवशी हॉस्पिटलला जायचं त्या दिवशी? उडत जाईल?"

त्यांनी चहात आलं टाकू का म्हणून विचारलं. मी रागाने नको म्हणाले, आणि त्यांनी टाकलं.

पडला ओजस. दुधाच्या दोन बाटल्या घेऊन उतारावरून येत होता, त्या सकाळी झाडून चकचकीत केलेल्या तुकड्यावर पाय सरकला आणि तो हातावर आपटला. मनगटाचं हाड मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर घालून परत आला तेव्हा तोच काकूंची समजूत घालत होता, की आई, मी बघून चाललो नाही, माझंच चुकलं. आता अशा जावयावर कोणी किती रागावणार. काकूंनी त्याला स्वतःच्या हाताने वरण-भात भरवला. नंतर मी भिंतीला कान लावून बसले होते. जिन्यावर आवाज नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला त्या शांततेची भीती वाटली.

झाडणं बंद झालं. पण टाकणंही सुरू झालं नाही. काकू सकाळी उठून वळणावर जायच्या, पेटीजवळ उभ्या राहायच्या, झाकणावर हात ठेवायच्या आणि तशाच परत यायच्या. आल्या की निहारिकाच्या सुजलेल्या पायांना तेल लावायच्या. एकदा मला कुंपणाशी म्हणाल्या, "मले सुचूनच नाई राहिलं, विद्या. इकडे पाप तं तिकडे लेक." हसत नव्हत्या. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटायचं, आणि त्या दिवसांत कोणाला जवळ घेण्याची चोरी होती.

ओजसला गाडी चालवता येणार नाही, हे उघडच होतं. तेव्हा हॉस्पिटलला मी नेणार असं ठरलं. उतारावरून गाडी काढणं धोक्याचं, म्हणून मी माझी गाडी आठवडाभर खालच्या मोठ्या रस्त्याला लावून ठेवली. तिथपर्यंत निहारिकाला चालत यावं लागणार होतं. अंतर काही फार नाही. एरवी पोरं पायाने ढकलायच्या स्कूटरवरून खिदळत जातात तेवढंच.

एका संध्याकाळी पाऊस झाला आणि रात्रीतून सगळं गोठलं. सकाळी, अजून उजाडायचं होतं, तेव्हा ओजसचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या. हॉस्पिटलला विचारलं होतं, ते म्हणाले या, घाई नाही पण या.

मी दार उघडून पाय बाहेर टाकला आणि दाराची चौकट धरली म्हणून वाचले. रस्त्यावरचा दिवा फुटपाथवर लख्ख दिसत होता, इतका तो गुळगुळीत झाला होता. आधीचं टाकलेलं मीठ पावसाने धुऊन नेलं होतं. मी कुंपण धरत धरत वळणाकडे निघाले, मनात ठरवून, की आता काकूंना काय वाटेल ते वाटो, मी स्वतः अख्खा उतार मिठाने भरून टाकणार.

काकू तिथे होत्या. पेटीचं झाकण उघडं, बादली पायाशी, हात दोन्ही बाजूंना लोंबत.

"सरका, काकू," मी म्हणाले. "मी टाकते." आणि पेटीत हात घातला.

त्यांनी माझं मनगट धरलं. एवढ्या जोरात की मला दुखलं. "तू नको लावू हात."

"काकू, आता हे नको हं. तिला कळा येताहेत."

"म्हणूनच. तू नको," त्या म्हणाल्या. "तुह्यावर कायले घेते? तुले अजून सारं होयाचं आहे. माही लेक आहे, मी टाकीन. जे वेचायचं ते मी वेचीन."

 मी कशावर विश्वास ठेवत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी माझ्या वाटणीचं पाप त्यांना नको होतं. मी चिडूनच म्हणाले, "मग टाका ना लवकर."

त्यांनी आधी बूट काढले. मी ओरडलेच, की काकू, काय करताय, पाय गोठतील. त्यांनी बूट पेटीशेजारी नीट जोडीने ठेवले, नुसत्या लोकरीच्या मोज्यांवर उभ्या राहिल्या, उजव्या हाताने पेटीला शिवल्या आणि तोच हात छातीला लावला. मग बादली भरली. मोज्यांनी त्यांचा पाय बर्फाला धरून राहत होता आणि मी शंभर युरोचे बूट घालून घसरत होते, हे मी तेव्हा मनातल्या मनात नोंदवलं आणि कोणाला सांगितलं नाही.

दारापासून सुरुवात केली. निहारिका बाहेर आली. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने ओजस चांगल्या हाताने धरून. काकू तिच्यापुढे, तिच्याकडे तोंड करून, उलट्या चालत. प्रत्येक पावलाला बादलीत हात आणि मूठभर मीठ नेमकं तिच्या पायांसमोर. पिठावर मीठ भुरभुरावं तसं, एकसारखं, कुठे ढीग नाही, कुठे मोकळं नाही. खडे बर्फात रुतायचे आणि बारीक चरचर ऐकू यायची.

पहिल्या पावलाला निहारिका थबकली. तिलाही ते लहानपणापासून सांगितलेलंच होतं. आई समोर उभी, बुटांविना, आणि मध्ये मीठ. ती म्हणाली, "आई, ठीक आहे गं, मी कडेकडेने येते."

"ठेव," काकू म्हणाल्या. "ठेव पाय. त्याच्यावरच ठेव, माय."

तिने ठेवला. काकूंनी एकदा डोळे मिटले, उघडले, आणि पुढची मूठ टाकली. मध्येच कळ आली तेव्हा आम्ही सगळे थांबलो. निहारिकाने माझा दंड असा आवळला की पुढे आठवडाभर तिथे वळ होता. काकू मात्र थांबल्या नाहीत, आम्ही उभे होतो त्याच्या भोवती गोल टाकत राहिल्या. कळ ओसरली, आम्ही पुन्हा निघालो. समोर नोरीनच्या खिडकीत दिवा लागला होता. तिने काच उघडली, त्या थंडीत, आणि बाहेर वाकून पाहत राहिली.

गाडीपर्यंत पोचलो. निहारिका मागे बसली, ओजस तिच्या शेजारी. काकूंना येता येणार नव्हतं. ओजसलासुद्धा अगदी शेवटच्या टप्प्याला आत घेणार होते, तोवर त्याने माझ्याबरोबर पार्किंगमध्ये बसायचं होतं. काकूंनी काचेतून लेकीच्या गालाला हात लावायला नेला, आणि हाताला मीठ लागलंय म्हणून मागे घेतला. निहारिकाने तो ओढून गालावर ठेवला. मग मी गाडी सुरू केली, कारण मी तिथे अजून थांबले असते तर मला गाडी चालवता आली नसती.

मुलगी दुपारी झाली. ओजसला आत बोलावलं होतं, त्याने मला मेसेज केला आणि मी पार्किंगमधून काकूंना फोन लावला. "मुलगी झाली, काकू. दोघी छान आहेत."  पलीकडून त्यांचा आवाज आला, अगदी नेहमीचा. "बरं. तिच्या बापाले सांग, प्लास्टरच्या हातानं उचलू नको म्हणा." त्यानंतर त्या रडत होत्या, आणि फोन कसा बंद करायचा ते त्यांना कधीच जमलेलं नसल्यामुळे मी ते सगळं ऐकलं.

घरी आणायच्या दिवशीही थंडी तशीच होती. मी दोघींना आणि ओजसला घेऊन आले. उताराच्या खालपासून वरपर्यंत फुटपाथ तांबूस झाला होता. फक्त आमचाच नाही, समोरचाही, नोरीनच्या दारापर्यंत, आणि पार वरच्या टोकाच्या घरांपर्यंत, ज्यांची नावंही काकूंना माहीत नव्हती. काकूंचे बूट घरात दाराशी ठेवलेले, आणि काकू मोज्यांवर उंबऱ्यात उभ्या. एका हातात भाकरतुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या, पायाशी मिठाची बादली. नवं बाळ घरात येताना ओवाळून टाकायचं आणि आईच्या पायावर पाणी घालून आत घ्यायचं, हे आमच्याकडे सगळीकडे आहे.

निहारिका बाळाला छातीशी धरून पायरीसमोर उभी राहिली. काकूंनी भाकरतुकडा ओवाळला आणि बाजूला टाकला. बाळाचं तोंड तेवढं दिसत होतं, लाल, झोपलेलं. काकू पाहतच राहिल्या.

"आई, पाणी घालायचं असतं ना पायावर?" ओजसने आठवण करून दिली.

काकूंनी दगडी पायरीकडे पाहिलं, मग लेकीच्या पायांकडे.

"त्याचं बर्फ होते," त्या म्हणाल्या, तांब्या आत ठेवला आणि बादलीत हात घातला.